माझ्या पेटीतले रंगीत खडे : जातीने नव्हे, रंगाच्या कारणाने लावलेले

पैलूदार

नमस्कार मंडळी.

रंगीत खड्यांचा माझा लहानसा संग्रह येथे मांडावा, असे बरेच दिवस मनात होते. संग्रह म्हटला की लाखांचे माणिक आणि काश्मिरी नीलम डोळ्यांपुढे येतात. माझ्याकडे तसे काही नाही. बहुतेक खडे अर्ध्या ते तीन कॅरटचे आहेत. पुष्कळसे जयपूरच्या व्यापाऱ्यांकडून पुडीने घेतले, काही येथे नागपुरातल्या इतवारीच्या सराफ्यात मोडीत आलेल्या दागिन्यांतून उतरवलेले मिळाले, आणि त्यांपैकी एकही अंगठीत बसवण्याचा विचार नाही. ग्रहशांतीसाठी खडे वापरणाऱ्यांशी माझे भांडण नाही, परंतु तो विषय या धाग्यात येऊ नये, एवढी विनंती करतो.

मला दाखवायची आहे ती मांडणी. बहुतेक संग्राहक खडे जातीप्रमाणे किंवा भावाप्रमाणे लावतात. मी ते रंग कशामुळे आला त्याप्रमाणे लावले आहेत. शुद्ध कुरुंद, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, रंगहीन असतो. त्यात क्रोमियमचा अंश शिरला की माणिक होते आणि लोखंड व टायटॅनियम जोडीने शिरले की निळा नीलम होतो. म्हणजे माणिक आणि नीलम ही एकाच खनिजाची दोन रूपे असली, तरी माझ्या पेटीत ती दूर दूर बसतात, आणि एरवी ज्यांची गाठ पडली नसती असे खडे शेजारी येतात.

पहिले छायाचित्र क्रोमियमच्या ओळीचे आहे. तिच्यात माणिक, तांबडा स्पिनेल, पाचू आणि ॲलेक्झांड्राइट आहेत. जो क्रोमियम कुरुंदाला तांबडे करतो तोच बेरिल या खनिजात शिरला की हिरवागार पाचू तयार होतो, कारण क्रोमियमच्या अणूभोवतीच्या ऑक्सिजनची पकड कुरुंदात घट्ट आणि बेरिलमध्ये सैल असते, आणि तेवढ्या फरकाने प्रकाशाचा शोषला जाणारा भाग सरकतो. ॲलेक्झांड्राइट या दोहोंच्या मधोमध येतो. म्हणून दिवसाच्या उजेडात तो हिरवट आणि पिवळ्या दिव्याखाली जांभळट तांबडा दिसतो. घरोघरी एलईडी दिवे आल्यापासून हा पालट फिका वाटतो, यासाठी मी तारेचा जुना बल्ब जपून ठेवला आहे. तोही नसेल तेव्हा समईचा उजेड उत्तम. माझा खडा पाऊण कॅरटचा असून विक्रेत्याने तो छत्तीसगडमधील देवभोग भागातला असल्याचे सांगितले होते. त्या भागात ॲलेक्झांड्राइट सापडतो हे खरे आहे, परंतु हाच खडा तेथला आहे याला विक्रेत्याच्या शब्दापलीकडे पुरावा नाही. पुडीवरील चिठ्ठीत म्हणूनच मी ‘देवभोग’ असे न लिहिता ‘विक्रेत्याच्या सांगण्यानुसार देवभोग’ असे लिहिले आहे.

दुसऱ्या छायाचित्रात मँगनीजची ओळ आहे, आणि नागपूरकर म्हणून माझा जीव तिच्यातच अधिक गुंतलेला आहे. नागपूर, भंडारा आणि बालाघाट हा मँगनीजचा जुना पट्टा. रामटेकजवळच्या मनसरची खाण आपल्यापैकी अनेकांनी जाता येता पाहिली असेल. या पट्ट्यातला एक खडक स्पेसर्टीन जातीचे गार्नेट आणि क्वार्ट्ज यांचा बनलेला आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे एल. एल. फर्मर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याला गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले आणि ते जगभरच्या भूविज्ञानात रूढ झाले. खाणीतून निवृत्त झालेल्या एका स्नेह्यांनी दिलेला गोंडाइटचा मुठीएवढा तुकडा मी या ओळीच्या डोक्याशी ठेवला आहे. त्यातले गार्नेटचे दाणे बारीक, गढूळ आणि तपकिरी आहेत. पैलू पाडण्याजोगा एकही नाही. त्याच्या शेजारी नामिबियातला सव्वा कॅरटचा नारिंगी स्पेसर्टीन ठेवला आहे, जो भिंगाखाली जवळजवळ निर्मळ दिसतो. दोन्हींचे खनिज एकच आहे, आणि दोन्हींमध्ये मँगनीज हा भेसळीचा अंश नसून घडणीचाच भाग आहे. पाहुण्यांना मी आधी आपला तुकडा दाखवतो आणि मग तो नारिंगी खडा.

ओळीत पुढे गुलाबी ऱ्होडोनाइट, त्याहून मऊ ऱ्होडोक्रोसाइट, फिकट गुलाबी मॉर्गेनाइट आणि कुंझाइट आहेत. मॉर्गेनाइट आणि कुंझाइट यांत मँगनीज केवळ अंशमात्र असते. कुंझाइटचा रंग उजेडात उडतो, म्हणून तो काळ्या कागदाच्या पुडीत राहतो आणि छायाचित्रापुरताच बाहेर येतो.

लोखंडाच्या ओळीत पेरिडॉट, ॲक्वामरिन आणि सिट्रीन आहेत. त्यांविषयी फार सांगण्यासारखे नाही. व्हॅनेडियमच्या ओळीत टांझानाइट आणि एक लहान त्सावोराइट आहे. टांझानाइट टांझानियात १९६७ साली सापडला, आणि बाजारातला जवळजवळ प्रत्येक निळा टांझानाइट तापवून निळा केलेला असतो. माझाही तसाच आहे आणि चिठ्ठीवर तशी नोंद आहे. शेवटच्या ओळीत किरणोत्साराने रंग आलेले खडे आहेत. जांभळ्या ॲमेथिस्टच्या बाबतीत हे काम जमिनीतल्या नैसर्गिक किरणोत्साराने केले. निळ्या टोपाझच्या बाबतीत ते माणसाने अणुभट्टीत किंवा त्वरकात (कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रात) करून घेतले आणि नंतर खडा तापवला. ॲमेथिस्टमध्ये लोखंडही लागते, त्यामुळे तो खरे तर दोन ओळींत बसतो. तोच तापवला की पिवळा होतो. बाजारातले बरेचसे सिट्रीन असेच जन्माला आलेले आहे.

आपापले खडे अवश्य दाखवावेत. वजन, मिळाल्याचे ठिकाण आणि माहीत असलेली प्रक्रिया एवढे सोबत लिहिले तर सर्वांना उपयोग होईल.

फुटाळा

फार सुंदर संग्रह. छायाचित्रांविषयी विचारायचे आहे. माझ्या फोनवर माणिक टिकलीसारखे सपाट लाल येते आणि टांझानाइट आहे त्याहून निळा दिसतो. आपण काय करता?

पैलूदार

ढगाळ दिवशी उत्तरेकडच्या खिडकीत खडा करड्या कागदावर ठेवतो. पांढऱ्या कागदावर फोन उजेड कमी करतो आणि खडा काळवंडतो. तांबड्या खड्यासाठी उजेडाची पट्टी मुद्दाम खाली ओढावी लागते, कारण लाल रंगाची नोंद आधी भरून वाहते आणि पैलूंमधला फरक पुसला जातो. टांझानाइटला मात्र मी हात टेकले आहेत. तो वेगवेगळ्या दिशांनी निळा, जांभळा आणि किंचित तांबूस दिसतो, त्यामुळे एका छायाचित्रात तो खरा दिसावा ही अपेक्षाच चुकीची आहे.

इतवारीचा सराफ

पैलूदार साहेब, मांडणी आवडली, परंतु पिढीजात धंद्यातला माणूस म्हणून काही मतभेद नोंदवतो. उद्या आपल्या मुलांना ही पेटी विकावी लागली, तर घेणारा क्रोमियमची ओळ विकत घेणार नाही. तो माणिक वेगळे काढील, पाचू वेगळे काढील, उरलेले खडे ढिगाच्या भावाने मागेल, आणि आपण ज्या शेजारपणाचे कौतुक करता त्याला एक रुपयाही देणार नाही. तेव्हा पेटी कशीही लावा, परंतु जातीप्रमाणे एक वही निराळी असू द्या आणि तिच्यात वजन कॅरटमध्येच लिहा. आमच्याकडे गिऱ्हाईक रत्तीत विचारते आणि रत्तीचे माप दुकानागणिक बदलते. कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम, त्यात वाद नाही.

दुसरा मुद्दा माणकाचा आहे. आपण त्याच्यावरील प्रक्रिया लिहिली नाही. गेल्या वीसेक वर्षांत शिशाच्या काचेचा भरणा केलेले माणिक बाजारात इतके आले आहे की पाच कॅरटचा टपोरा लाल नग स्वस्तात समोर आला की मी प्रथम तोच संशय घेतो. भिंगाखाली हलवून पाहिल्यास चिरांमध्ये निळी झाक चमकते आणि चपटे बुडबुडे दिसतात. असा खडा दागिन्यात असताना कारागिराने झाळ दिली किंवा आम्लात टाकला तर भरणा जातो आणि खड्यातले चिरांचे जाळे उघडे पडते. लिंबाच्या रसानेही त्या काचेवर डाग पडतो. तापवलेले माणिक आणि भरणा केलेले माणिक यांना एकाच ‘प्रक्रिया’ शब्दाखाली लिहिणे मला मान्य नाही. पहिल्याला बाजाराने स्वीकारले आहे. दुसरे निम्मे काच असू शकते.

महाग खड्यांना प्रयोगशाळेचा कागद घ्या. जयपूरची जेम टेस्टिंग लॅबोरेटरी (आताचे नाव आयआयजीजे-आरएलसी) १९७२ पासून हे काम करते, आणि धंद्यात तिचा कागद चालतो.

पैलूदार

सराफभाऊ, आपला दुसरा मुद्दा पूर्ण मान्य आहे, आणि आजपासून चिठ्ठीवर ‘तापवलेला’ आणि ‘भरणा केलेला’ असे वेगळे लिहीन. माझ्या माणकाला प्रयोगशाळेचा कागद आहे. त्यावर तापवल्याची नोंद असून भरणा आढळलेला नाही. जातवार वही आधीपासूनच आहे. परंतु घेणारा शेजारपणाला पैसे देणार नाही, एवढ्यावरून मी ते मोडावे असे मला वाटत नाही. एकटा गोंडाइट घेऊन बाजारात गेलो तर मला रस्त्याच्या खडीचा भावही मिळणार नाही, आणि तरीही त्याच्यावाचून ती ओळ लंगडी आहे.

गारगोटी

मी येथे भूविज्ञानाची विद्यार्थिनी आहे. काका, तुम्ही लोखंडाची ओळ दोन वाक्यांत उरकलीत, ते मला पटले नाही. नागपूरच्या दृष्टीने पाहिले तर मँगनीजपेक्षा तीच ओळ जुनी आहे.

काटोल रस्त्याच्या बाजूला माहूरझरी हे गाव आहे. तेथे महापाषाणकालीन शिळावर्तुळे, म्हणजे दफनांभोवती मोठ्या शिळांची केलेली वर्तुळे, आहेत आणि १९७०-७२ मध्ये शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले. अकीक आणि कार्नेलियन यांसारख्या दगडांच्या मण्यांसाठी हे ठिकाण अभ्यासकांना चांगले ठाऊक आहे. मणी तेथे नुसते वापरले जात नव्हते, तर घडवलेही जात होते. कार्नेलियनचा तांबडा रंग लोखंडाचाच असतो. पिवळट तपकिरी दगड तापवला की त्यातल्या लोखंडाच्या संयुगातले पाणी निघून जाते आणि तांबडे ऑक्साइड उरते. गुजरातमधील खंबातचे कारागीर हे काम आजही करतात. म्हणजे खडा तापवून रंग आणण्याची प्रक्रिया, जिच्यावर काही जण नाक मुरडतात, ती फार पुरातन आहे. योगायोग असा की ज्या शिळावर्तुळांशी हे मणी निगडित आहेत, त्यांतून लोखंडी वस्तूही भरपूर निघाल्या आहेत.

तेव्हा तुमच्या लोखंडाच्या ओळीत खंबातचा एक नवा कार्नेलियन मणी ठेवावा, आणि त्याच्या शेजारी तसाच न तापवलेला पिवळट दगड ठेवावा, अशी सूचना करते.

कोराडी रोड

माहूरझरीला शेतात अजूनही मणी सापडतात असे ऐकले आहे. रविवारी चक्कर मारली तर दोनचार मिळतील का? कोणी सोबत येणार असेल तर कळवावे.

गारगोटी

चक्कर अवश्य मारावी, परंतु काही उचलू नये. जमिनीत दडलेल्या दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देण्याचे बंधन १८७८ च्या निखात निधी अधिनियमापासून आहे, आणि शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या व्यवहाराला १९७२ चा पुरावशेषांचा कायदा लागू होतो. कायदा बाजूला ठेवला तरी, मणी कोठे, कोणत्या थरात आणि कशासोबत होता हीच त्याची खरी माहिती असते. खिशात आल्यावर तो कोठल्याही बाजारातल्या मण्यासारखा होतो. वर काकांनी देवभोगच्या खड्याबद्दल जे लिहिले आहे, तीच अडचण येथे आपण स्वतःच्या हाताने निर्माण करू.

माहेरची पेटी

माझ्या आजेसासूबाईंच्या कुड्या आणि नथ यांत माणके आहेत. दागिने १९३० च्या सुमारास घडवलेले असून माणके ब्रह्मदेशी असल्याचे घरात सांगितले जाते. नोटा तपासण्याच्या जांभळ्या दिव्याखाली ती निखाऱ्यासारखी पेटतात. यावरून ती अस्सल आहेत असे समजावे का? खडे मागून बंद कोंदणात आहेत.

पैलूदार

ताई, या खुणेवरून तसा निष्कर्ष काढता येणार नाही. ब्रह्मदेशी माणकात लोखंड कमी असल्यामुळे ते अतिनील प्रकाशात झळाळते हे खरे, आणि लोखंड अधिक असलेली इतर ठिकाणची माणके मंद दिसतात हेही खरे. परंतु कृत्रिम माणकात लोखंड जवळजवळ नसतेच, त्यामुळे ते सर्वांत अधिक झळाळते. तांबडा स्पिनेलही झळाळतो. ऑग्यूस्त व्हेर्नेई यांनी ज्योतीत भुकटी वितळवून माणिक बनवण्याची रीत १९०२ मध्ये जाहीर केली, आणि त्यानंतर असे माणिक कारखान्यांतून मोठ्या प्रमाणावर बाहेर पडू लागले. दागिना १९३० चा आहे, एवढ्यावरून खडा नैसर्गिक ठरत नाही. उलट ते वर्ष संशयाच्या ऐन काळात येते.

दहापट भिंगातून खडा तिरपा धरून पाहावा. व्हेर्नेई माणकात वाढीच्या रेषा वक्र असतात आणि गोल बुडबुडे दिसतात. नैसर्गिक माणकात रेषा सरळ असतात, त्या एकमेकींना कोनात मिळतात, आणि बहुधा रेशमासारख्या बारीक सुया दिसतात. बंद कोंदणात हे पाहणे कठीण असते. तरीही केवळ तपासणीसाठी कोंदण उघडू नये, आणि स्वच्छ करण्यासाठी दागिना पाण्यात मुळीच बुडवू नये. अशा जुन्या कामात खड्यामागे चकाकीसाठी वर्ख आणि आधाराला लाख असू शकते; पाणी आत गेले की वर्ख काळा पडतो आणि खडा मेल्यासारखा दिसतो.

इतवारीचा सराफ

ताई, पैलूदार साहेबांचे म्हणणे बरोबर आहे. एवढेच जोडतो की खडा कृत्रिम निघाला तरी त्या काळातली कुडीची घडण आता मिळत नाही. मोडीत घालू नका.

तर्री पोहा

माझ्याकडे ‘पुष्कराज’ म्हणून दिलेला सहा कॅरटचा पिवळा खडा आहे. तो नीलमाच्या जातीचा आहे की टोपाझ, हे घरी ओळखता येईल का?

गारगोटी

खडा सुटा असेल तर विशिष्ट गुरुत्व, म्हणजे खडा तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या किती पट जड आहे ते, काढावे. शून्य दशांश शून्य एक ग्रॅमपर्यंत मोजणारा लहान काटा घ्यावा आणि खडा वजन करावा. सहा कॅरट म्हणजे १.२० ग्रॅम. मग पाण्याचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्य करावा आणि खडा बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असा धरावा. आता दिसणाऱ्या आकड्याने मूळ वजनाला भागावे. आकडा ०.३० आला तर उत्तर ४.०० येते आणि खडा कुरुंद, म्हणजे पिवळा नीलम असतो, ०.३४ आला तर साधारण ३.५३, म्हणजे टोपाझ, ०.४५ च्या आसपास आला तर तो सिट्रीन असण्याचा संभव अधिक. खड्याला बुडबुडे चिकटू देऊ नयेत. एका कॅरटच्या खड्यावर हा प्रयोग करू नये, कारण तेथे पूर्ण आकडाच ०.०५ ग्रॅमच्या आसपास असतो आणि काट्याची एवढीशी चूक उत्तर बिघडवते. नैसर्गिक की कृत्रिम हे मात्र यातून कळत नाही. दोन्ही कुरुंदांचे गुरुत्व सारखेच असते.

रखरख

आपल्याकडच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिसावर गेल्यावर, हे सगळे खडे कसे सांभाळता? माझ्या एका ओपलला गेल्या उन्हाळ्यात कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे गेले.

पैलूदार

ओपल हा एकच खडा मी नागपुरात जमवण्याचे टाळतो. त्याच्या घडणीत पाणी असते आणि आपली उन्हाळ्यातली कोरडी हवा ते ओढून घेते. तडे बहुधा त्यामुळेच गेले असावेत. ठेवायचाच असेल तर किंचित ओलसर कापसासह बंद पिशवीत, भिंतीच्या आतल्या कपाटात ठेवावा, आणि ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पुड्या त्याच डब्यात कदापि टाकू नयेत. इथिओपियाचा ओपल असेल तर तो पाण्यातही बुडवू नये, कारण तो पाणी पितो आणि त्याचे रंग काही काळ नाहीसे होतात.

पाचूच्या चिरांत बहुधा तेल भरलेले असते. उष्णतेने ते सुकले की चिरा पांढऱ्या दिसू लागतात, म्हणून माझा पाचू एप्रिल ते जून दिव्याखाली जात नाही. ॲमेथिस्टला गच्चीवरचे ऊन दाखवू नये. माणिक, नीलम आणि स्पिनेल यांना आपला उन्हाळा काही करत नाही. एक गंमत तूर्मलीनची सांगतो. तो तापला की त्याच्या टोकांवर विद्युतभार येतो आणि धूळ ओढली जाते. दिव्याच्या पेटीत ठेवलेला माझा तूर्मलीन शेजाऱ्यांपेक्षा नेहमी मळलेला असतो.

फुटाळा

सोबत माझा एक खडा जोडत आहे. निळा स्पिनेल, १.१ कॅरट, पुण्याच्या एका प्रदर्शनातून घेतला, प्रक्रिया नसल्याचे विक्रेत्याने तोंडी सांगितले. तो ‘कोबाल्ट स्पिनेल’ आहे असेही तो म्हणाला. आपल्या पेटीत कोबाल्टची ओळ दिसली नाही, म्हणून विचारतो.

पैलूदार

कोबाल्टची ओळ नाही, कारण कोबाल्टने निळा झालेला नैसर्गिक स्पिनेल माझ्या ऐपतीबाहेर आहे. बाजारातले बहुतेक निळे स्पिनेल लोखंडाने निळे झालेले असतात आणि त्यांचा रंग थोडा करडेपणाकडे झुकतो. आपल्याकडे चेल्सी फिल्टर (खडे तपासण्याची रंगीत काच) असेल तर त्यातून खडा पाहावा. तो करडा किंवा हिरवट राहिला तर लोखंडाच्या ओळीत ठेवावा. भडक लाल दिसला तर लगेच आनंद मानू नये, कारण कारखान्यात बनवलेल्या निळ्या स्पिनेललाही कोबाल्टनेच रंग दिलेला असतो आणि तोही तसाच लाल दिसतो. त्या वेळी मात्र जयपूरचा कागद घ्यावा, आणि तो येईपर्यंत चिठ्ठीवर ‘विक्रेत्याच्या सांगण्यानुसार’ एवढेच लिहावे.